अमेरिकेत नोकरी आणि मोठं आजारपण: डिसॅबिलिटी विमा काय सांभाळतो, काय नाही

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला आरोग्य विमा लवकर कळतो, कारण पहिल्याच तापाला त्याची गरज पडते. डिसॅबिलिटी विम्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. नावावरून वाटतं की हा अपघातात हातपाय गमावलेल्यांसाठी असेल. प्रत्यक्षात त्याचे बरेचसे दावे कर्करोग, मणक्याचं दुखणं, हृदयविकार, नैराश्य आणि बाळंतपण अशा कारणांचे असतात. यातलं काहीही पस्तिशीतल्या, कालपर्यंत रोज पाच मैल पळणाऱ्या माणसालाही गाठू शकतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच नीट लक्षात घ्या. हा विमा बुडालेल्या पगाराचा काही भाग देतो, पण नोकरी राखून ठेवायचं बंधन त्याच्यावर नाही. नोकरीवर परतण्याचा हक्क कामगार कायद्यांतून मिळतो आणि या देशात राहायची मुभा व्हिसातून. तिन्हींचे फॉर्म वेगळे, मुदती वेगळ्या, निर्णय घेणारी माणसंही वेगळी. विमा कंपनीचं मंजुरीपत्र आलं की आपली रजाही मंजूर झाली असं समजून लोक निर्धास्त होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी नोकरी संपल्याचं पत्र हातात पडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे टाळण्यासाठी आहेत. मी वकील नाही. प्रत्यक्ष प्रसंग आला की वकिलाचा सल्ला घ्याच, पण त्याला काय विचारायचं ते आधी माहीत असलेलं बरं.

पायरी १: रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात नाव घाला

बेनिफिट्स निवडायला एचआर साधारण ३० दिवस देतं. त्या यादीत शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म डिसॅबिलिटी अशा दोन ओळी असतात. काही ठिकाणी हप्ता कंपनी भरते, काही ठिकाणी पगारातून कापला जातो. या पहिल्या संधीला नाव घातलं तर सहसा प्रकृतीची चौकशी होत नाही. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणाल तर विमा कंपनी आजारपणांचा इतिहास मागू शकते आणि त्यावरून नकारही देऊ शकते.

शॉर्ट टर्मचे पैसे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांच्या प्रतीक्षेनंतर सुरू होतात आणि तीन ते सहा महिने मिळतात. लाँग टर्म त्यानंतर, म्हणजे ९० किंवा १८० दिवसांनी सुरू होतो. त्यात मूळ पगाराच्या साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळते, तीही महिन्याच्या ठरावीक कमाल मर्यादेत. बोनस आणि शेअर्स सहसा या पगारात धरत नाहीत. शिवाय हप्ता कंपनीने भरला असेल तर हाती येणाऱ्या पैशावर टॅक्स लागतो. टॅक्स कापून झालेल्या पगारातून तुम्ही स्वतः हप्ता भरला असेल तर लागत नाही. पर्याय मिळाला तर हप्ता स्वतः भरा, असं माझं मत आहे. आजारपणात टॅक्सचा हा फरक चांगलाच जाणवतो.

तुम्ही कोणत्या राज्यात काम करता त्यावरही बरंच अवलंबून असतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, ऱ्होड आयलंड आणि हवाई इथे डिसॅबिलिटी विम्याची व्यवस्था राज्याच्या कायद्यानेच केलेली आहे. वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट अशा काही राज्यांत पगारी वैद्यकीय रजेची योजना आहे. न्यू जर्सीत सरासरी साप्ताहिक पगाराच्या ८५ टक्के, कमाल मर्यादेच्या आत, २६ आठवड्यांपर्यंत मिळतात. कॅलिफोर्नियात ही मुदत ५२ आठवड्यांपर्यंत जाते. न्यू यॉर्कमध्ये मात्र आठवड्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळतात, ज्यात घरभाड्याचा कोपराही भरत नाही. टेक्सासमध्ये राज्याची अशी योजनाच नाही, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मित्राला जे मिळालं ते डॅलसमध्ये आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका. तुमच्या पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) एसडीआय किंवा टीडीआय (राज्याचा डिसॅबिलिटी विमा) अशी कपात दिसली तर तो तुमचाच हक्काचा विमा आहे. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही. पण कॅलिफोर्नियाचा हा विमाही फक्त पैसे देतो, नोकरी राखत नाही.

पायरी २: पॉलिसीचं पूर्ण बाड मागवून वाचा

वेबसाइटवरचं दोन पानी माहितीपत्रक पुरेसं नाही. एचआरला लेखी विचारून पूर्ण पॉलिसी आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शन (योजनेच्या नियमांचा अधिकृत सारांश) मागवा. खासगी कंपन्यांच्या योजनांना १९७४ चा एरिसा हा कर्मचारी-लाभांचा कायदा लागू होतो आणि त्याखाली ही कागदपत्रं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती धडधाकट असताना वाचा. केमोथेरपी सुरू असताना शंभर पानं वाचवत नाहीत.

सर्वांत आधी डिसॅबिलिटीची व्याख्या शोधा. बहुतेक गट-विम्यांत पहिले २४ महिने 'ओन ऑक्युपेशन'चा निकष असतो, म्हणजे तुम्ही तुमच्या पेशातलं काम करू शकत नाही एवढं दाखवावं लागतं. पेशा म्हणजे देशभरात ते काम जसं केलं जातं तसं. तुमची टीम, तुमचा मॅनेजर किंवा रात्री दोनच्या भारतातल्या मीटिंगा त्यात धरत नाहीत. चोविसाव्या महिन्यानंतर निकष 'एनी ऑक्युपेशन'चा होतो, म्हणजे तुमच्या शिक्षणाला आणि अनुभवाला साजेसं कोणतंही काम. आतापर्यंत बिनतक्रार येणारा चेक इथे अनेकांचा थांबतो, आणि तेव्हा जुनी नोकरीही राहिलेली नसते. नैराश्य आणि इतर मानसिक आजारांसाठी बऱ्याच पॉलिसींत एकूण २४ महिन्यांचीच मर्यादा असते, हेही तपासा.

दुसरं कलम आधीपासूनच्या आजाराचं. नेहमीचा नमुना असा: विमा सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत ज्या आजारावर उपचार घेतले, त्याच आजाराने पहिल्या बारा महिन्यांत काम थांबलं तर पैसे मिळत नाहीत. नोकरी बदलताना याचा विचार फार कमी लोक करतात. उपचार चालू असताना जास्त पगारासाठी कंपनी बदलली, तर नव्या कंपनीत त्या आजारापुरते तुम्ही वर्षभर उघड्यावर असता. पगारवाढीचा हिशेब मांडताना हे वर्षही त्यात धरा.

तिसरं, देशाबाहेर राहण्याचं कलम. अनेक पॉलिसींत अमेरिकेबाहेर ठरावीक महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर पैसे थांबतात. पुण्या-नाशिकच्या घरून फोन येतोच, 'तिथे एकटे काय करताय, इकडे या, आपण बघू.' माया खरी असते, आणि आजारात आईच्या हातचं मऊ वरणभात कुणाला नको असतं? पण तिकीट काढण्याआधी हे कलम वाचा. विमा कंपनीला लेखी विचारा, आणि तिथे असतानाही डॉक्टरांचे उपचार नियमित चालू असल्याचे कागद इंग्रजीत, तारखांसह घेत राहा.

पायरी ३: आजार कळला की रजेचा आणि विम्याचा अर्ज एकाच आठवड्यात करा

नोकरी राखणारा मुख्य कायदा १९९३ चा एफएमएलए, म्हणजे कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा. तो वर्षात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, आरोग्य विमा पूर्वीच्याच अटींवर चालू ठेवतो आणि परतल्यावर तीच किंवा तिच्या तोडीची जागा देतो. पण कंपनीत ७५ मैलांच्या परिसरात निदान ५० कर्मचारी हवेत, तुमची तिथे १२ महिने नोकरी झालेली हवी आणि मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम झालेलं हवं.

म्हणजे पहिल्या वर्षात, जेव्हा तुम्ही इथे सर्वांत नवखे असता, हा कायदा तुमच्यासाठी नसतोच. छोट्या कन्सल्टिंग कंपनीतून आलेल्यांची अडचण तर आणखी मोठी. कर्मचारी पन्नासपेक्षा कमी, लाँग टर्म विमा बहुधा नाही, आणि क्लायंटने नारळ दिला की मालकाचाही सूर बदलतो. अशा कंपनीची ऑफर घेताना पगाराइतक्याच स्पष्टपणे विचारा: डिसॅबिलिटी विमा आहे का, आणि एकूण कर्मचारी किती?

डॉक्टरांचं एफएमएलएचं प्रमाणपत्र साधारणपणे १५ दिवसांत द्यावं लागतं. शस्त्रक्रिया आधीच ठरली असेल तर ३० दिवस आधी कळवा. विमा कंपनीचा फॉर्म वेगळा असतो, तोही त्याच आठवड्यात पाठवा. हे बारा आठवडे आणि शॉर्ट टर्म विमा बहुधा एकाच वेळी चालू असतात, एकामागून एक नाही. त्यामुळे शॉर्ट टर्मचे २६ आठवडे मंजूर असले तरी तेराव्या आठवड्यात एफएमएलएचं छत्र उरलेलं नसतं. रजा लागली त्याच दिवशी बारावा आठवडा कोणत्या तारखेला संपतो ते लिहून ठेवा.

रजा सलगच घ्यायला हवी असं नाही. दर तिसऱ्या आठवड्याला केमो असेल तर त्यापुरते दोन-तीन दिवस घेऊन बाकीचे दिवस काम करता येतं, आणि बारा आठवडे मग बरेच महिने पुरतात.

आता एक सापळा, ज्यात मेहनती माणसं हमखास अडकतात. बरं नसतानाही ती रेटत राहतात. मग मॅनेजरशी बोलून कायमची कमी तासांची, कमी पगाराची जागा घेतात. सहा महिन्यांनी अगदीच झेपेनासं झालं की दावा करतात. बहुतेक पॉलिसी दाव्याच्या वेळचा पगार धरतात, त्यामुळे साठ टक्के आता या घटलेल्या पगाराचे मिळतात. तास पुरेसे कमी झाले असतील तर विम्याचं छत्रच गेलेलं असू शकतं. म्हणून पगार आणि तास कमी करून घेण्याआधी अंशतः डिसॅबिलिटीचा दावा करता येतो का ते विचारा.

ले-ऑफच्या दिवसांत तारीख फार महत्त्वाची ठरते. नोकरी संपण्याआधी डिसॅबिलिटी सुरू झाली असेल आणि डॉक्टरांच्या कागदावर तशी नोंद असेल, तर नोकरी गेल्यावरही दावा सहसा चालू राहतो. आधी नोकरी गेली आणि मग डॉक्टरांकडे गेलात, तर विमाच उरलेला नसतो. दुखणं लपवून, 'एवढी रिलीज होऊ दे' म्हणत दिवस ढकलू नका.

पायरी ४: फॉर्मवर नेमकं आणि खरं लिहा

विमा कंपनीला सांगायचं 'मी काम करू शकत नाही' आणि ऑफिसला सांगायचं 'थोडी सोय करा, मी काम करू शकतो'. ही दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध वापरली जाऊ शकतात. यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा महत्त्वाचा निकाल आहे, क्लीव्हलँड विरुद्ध पॉलिसी मॅनेजमेंट सिस्टिम्स. १९९४ मध्ये पक्षाघात झालेल्या एका कर्मचारी बाईंनी सोशल सिक्युरिटीच्या (केंद्र सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेच्या) डिसॅबिलिटी लाभासाठी अर्ज केला, काही महिन्यांत त्या कामावर परतल्या आणि नंतर त्यांना काढून टाकण्यात आलं. कंपनीचं म्हणणं असं की, 'काम होत नाही' म्हणून अर्ज करणारीला भेदभावाचा दावा कसा करता येईल? न्यायालयाने सांगितलं की दोन्ही दावे एकत्र उभे राहू शकतात, कारण कामावर सोयी मिळाल्या तर माणूस काम करू शकेल का, याचा विचार सोशल सिक्युरिटी करतच नाही. पण या दोन विधानांचा मेळ कसा बसतो ते कर्मचाऱ्याने समजावून सांगायला हवं.

म्हणून मोघम लिहू नका. 'मी पूर्णपणे असमर्थ आहे' याऐवजी 'सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही, औषधांमुळे दुपारनंतर लक्ष एकाग्र होत नाही, सध्याच्या पद्धतीने पूर्ण वेळ काम होत नाही' असं, आज जे खरं आहे ते तारखेसह लिहा. डॉक्टरांनाही निदानाबरोबर नेमक्या मर्यादा लिहायला सांगा. नुसत्या 'कर्करोग' या शब्दावर दावा मंजूर होत नाही. विमा कंपनी बघते ती त्यामुळे काय करता येत नाही ते.

आपल्याकडे डॉक्टरसमोर 'ठीक आहे आता' म्हणायची सवय असते. त्यांचा वेळ घ्यायला नको, तक्रारखोर वाटायला नको. इथे तुमचा प्रत्येक शब्द नोंदीत जातो आणि तीच नोंद विमा कंपनी वाचते. दुखत असेल तर दुखतंय असंच सांगा.

पायरी ५: व्हिसाचा हिशेब वेगळा मांडा

एच-१बी व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. आजारपणाची रजा, बिनपगारी असली तरी, कंपनीशी नातं कायम असेल आणि रजा तुमच्या गरजेपोटी असेल तोवर सहसा स्टेटसला, म्हणजे इथे राहण्याच्या कायदेशीर दर्जाला, धक्का लावत नाही. पण कंपनीने नोकरी संपवली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. त्या काळात विमा कंपनीचा चेक दर महिन्याला येत असला तरी त्यावर स्टेटस टिकत नाही, कारण तो चेक म्हणजे नोकरी नव्हे.

कामावर परततानाही जपून पावलं टाका. पूर्ण वेळेची नोकरी अर्धवेळ करून घेणं किंवा दुसऱ्या शहरातल्या भावाच्या घरून काम करणं आजारी माणसाला सोयीचं असतं. पण एच-१बीवर असे बदल सुधारित अर्ज केल्याशिवाय सहसा करता येत नाहीत. एचआरला हे ठाऊक असेलच असं नाही. रजेचं काम बघणाऱ्यांना आणि कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एकाच ईमेलमध्ये घ्या आणि बदल लागू होण्याआधी उत्तर लेखी मिळवा.

ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर एक दिलासा आहे. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला असेल, तर त्यानंतर कंपनीने तो मागे घेतला म्हणून तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, सहसा जात नाही.

पायरी ६: परतण्याची बोलणी वेळेत सुरू करा

इथे १९९० चा एडीए, म्हणजे अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा, कामी येतो. तो १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू आहे आणि त्याला वर्षभराच्या नोकरीची अट नाही. त्यामुळे एफएमएलएमध्ये न बसणाऱ्या नवख्यांचा खरा आधार हाच. कामाच्या मूळ गरजा तुम्ही योग्य सोयींसह पूर्ण करू शकत असाल, तर कंपनीला फार जड जात नसल्यास त्या सोयी द्याव्या लागतात. बदललेली वेळ, जास्त विश्रांती, घरून काम, उभं राहून करायचं टेबल, काही आठवड्यांची जादा रजा आणि दुसरं काहीच जमत नसेल तर रिकाम्या असलेल्या दुसऱ्या जागेवर बदली, या सगळ्याचा त्यात विचार होतो.

मागणी करायला कायद्याची भाषा लागत नाही. 'माझ्या आजारामुळे मला हा बदल हवा आहे' एवढं पुरतं, फक्त ते ईमेलवर असू द्या. 'शंभर टक्के बरे व्हा, मग या' असा सरसकट नियम लावणं एडीएच्या विरुद्ध आहे. तो ऐकवला गेला तर सोयींबद्दल चर्चा करायची आहे असं नम्रपणे लिहून कळवा. तुमची वैद्यकीय माहिती कंपनीने वेगळ्या फाइलमध्ये गुप्त ठेवायची असते. मॅनेजरला निदान सांगायची सक्ती नाही. मर्यादा आणि तारखा एचआरला सांगितल्या तरी काम होतं.

जादा रजा मागताना परतीची तारीख द्या. 'बरं वाटलं की येईन' अशी बेमुदत रजा कायदा देत नाही. इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिन या राज्यांसाठीच्या सेव्हन्थ सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने तर २०१७ मध्ये, अनेक महिन्यांची रजा ही एडीएखालची सोयच नाही असा निकाल दिला. शिकागोच्या आसपास असाल तर बारा आठवड्यांनंतर नुसती रजा मागण्यापेक्षा हळूहळू परतण्याची योजना मांडणं शहाणपणाचं.

पॉलिसीत याला पूरक तरतुदी बऱ्याचदा असतात. अर्धवेळ काम सुरू केलं तर पगार आणि विम्याचा काही भाग दोन्ही मिळतात, आणि पहिलं वर्षभर दोन्हींची बेरीज आधीच्या पगाराइतकी होईपर्यंत अनेक पॉलिसी कपात करत नाहीत. तोच आजार सहा महिन्यांच्या आत उलटला तर नव्याने प्रतीक्षा करावी लागत नाही, अशीही अट बहुतेक ठिकाणी सापडते. हे माहीत नसल्याने काही जण 'एकदा कामावर गेलो की विमा कायमचा बंद' या भीतीने घरी बसून राहतात आणि तेवढ्यात जागा हातची जाते.

पायरी ७: नोकरी गेलीच तर

लाँग टर्म सुरू झाल्यावर काही काळाने नोकरी संपवायची, असं अनेक कंपन्यांचं धोरणच असतं. विम्याचे पैसे त्यामुळे सहसा थांबत नाहीत, पण आरोग्य विमा जातो आणि त्या घडीला तोच जास्त लागतो. वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत कोब्रा कायद्याखाली तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो. हप्ता मात्र पूर्ण, १०२ टक्क्यांपर्यंत, स्वतः भरायचा. निवडायला ६० दिवस असतात. सोशल सिक्युरिटीने तुम्हाला डिसेबल्ड ठरवलं आणि ते मुदतीत कळवलं, तर एकूण २९ महिने मिळू शकतात.

सेव्हरन्सच्या (नोकरी संपवताना कंपनी देते त्या पैशांच्या) कागदावर लगेच सही करू नका. 'सर्व दावे सोडून देत आहे' या वाक्यात डिसॅबिलिटीचा दावाही ओढला जाऊ शकतो. तो वगळल्याचं स्पष्ट लिहून घ्या.

विमा कंपनी तुम्हाला सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करायला लावेल आणि तिथून मिळणारी रक्कम आपल्या चेकमधून वजा करेल. त्या लाभासाठी साधारण ४० क्रेडिट लागतात, म्हणजे दहा वर्षांचं काम. तरुणांना कमी चालतात. भारतातली नोकरी यात धरली जात नाही, कारण दोन देशांत तसा करार नाही. नव्याने आलेले बरेच जण म्हणून पात्रच नसतात. तरीही अर्ज करा आणि नकाराचं पत्र विमा कंपनीला द्या, कारण ते नसेल तर काही कंपन्या अंदाजाने रक्कम वजा करतात.

पायरी ८: दावा नाकारला तर

एरिसाखाली अपील करायला १८० दिवस मिळतात. नकाराचं पत्र आलं की पहिल्या आठवड्यात तुमची संपूर्ण क्लेम फाइल लेखी मागवा, ती विनामूल्य द्यावी लागते. त्यांच्या डॉक्टरने काय लिहिलंय ते वाचा आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला तुमच्या डॉक्टरांकडून लेखी उत्तर घ्या. चाचण्यांचे अहवाल, कामाचं नेमकं वर्णन, सहकाऱ्यांची किंवा घरच्यांची पत्रं, सगळं याच अपिलात जोडा. पुढे कोर्टात गेलात तर न्यायाधीश बहुतेक वेळा या फाइलमध्ये जे आहे तेवढंच बघतात, नवा पुरावा क्वचितच चालतो. त्यामुळे दोन ओळींचं रागाचं पत्र पाठवून ही संधी घालवू नका. वकील कोर्टाच्या वेळी नव्हे, अपिलाच्या आधी गाठा. या क्षेत्रातले बरेच वकील आगाऊ फी न घेता मिळालेल्या रकमेतला हिस्सा घेतात.